तत्त्वचर्चेचं मंडळ जगाशी जोडायचंय? आधी आमच्या चुका वाचा

ठाण्यात चरईमध्ये आमच्या सोसायटीच्या ऑफिसात महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण बसतो. दोन निवृत्त बँकवाले, दोन शिक्षिका, एक केमिस्ट, कळव्याहून येणारा इंजिनीअरिंगचा एक मुलगा, अधूनमधून त्याची आई, आणि मी. तत्त्वज्ञान म्हटलं की लोकांना निरूपण आठवतं. खाली वॉचमनही नवीन माणसाला सांगतो, "वर सत्संग आहे." सत्संग नाही. एक प्रश्न घ्यायचा, दोन तास त्याची पिसं काढायची, आणि उत्तर न मिळता राम मारुती रोडवर चहा प्यायचा, एवढाच कार्यक्रम.

दोन वर्षं आपापसात बोलून झाल्यावर कोण काय बोलणार ते तोंड उघडायच्या आधी कळायला लागलं. म्हणून बाहेरच्या देशांतली माणसं व्हिडिओ कॉलवर आणायची ठरवली. पहिली बैठक साफ फसली. पलीकडे तिघं होते: नैरोबीच्या एक शिक्षिका, साओ पावलोचा एक विद्यार्थी, लंडनचे एक निवृत्त गृहस्थ. अलीकडे आम्ही अकरा. आमचे एक काका अद्वैतावर सतरा मिनिटं बोलले (मी घड्याळ लावलं होतं). नैरोबीच्या बाईंनी मध्येच एक साधा प्रश्न टाकला: "तुमच्या भाषेत एखाद्याला 'माणूस' कधी म्हणतात?" काका म्हणाले, "ऑल आर ब्रह्मन्." तेवढ्यात मोफत कॉलची वेळ संपून सगळं बंद पडलं.

तो प्रश्न आठ महिन्यांनी पुन्हा आमच्याकडे आला, आणि तेव्हा आमची आजवरची सगळ्यात चांगली बैठक झाली. मधल्या काळात काय बदललं, ते ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, कुठेही असं मंडळ काढू पाहणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

1. आधी घरचं मंडळ पक्कं करा

पहिल्या दिवसापासून परदेशी पाहुणे आणू नका. किमान सहा बैठका आपल्याच माणसांच्या, मराठीत घ्या. सहा ते बारा माणसं पुरे. पंधराच्या पुढे गेलात की मागची रांग श्रोते होते.

या सहा बैठकांत एकच गोष्ट शिकायची: भांडायचं कसं. त्यासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे न्यायसूत्रं. त्यांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडत बसणं म्हणजे वितंडा. मराठीत 'वाद' शब्दाला भांडणाचा वास चिकटला आणि 'वितंडवाद' तेवढा रोजच्या बोलण्यात उरला, यावरून आपल्या चर्चांचं काय झालं ते कळतं. आमच्याकडे आता कुणी नुसतं खोडायला लागलं की कळव्याचा मुलगा हळूच म्हणतो, "काका, वितंडा." काका हसतात आणि स्वतःचं मत सांगतात. हा एक शब्द दहा नियमांचं काम करतो.

दुसरा उपयोगी शब्द 'छल', म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेणं. शास्त्रातलं उदाहरण मजेशीर आहे. कुणी म्हणतं, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे, एकच तर दिसते! (संस्कृतात 'नव' म्हणजे नवं, आणि नऊसुद्धा.) भाषांतरातून बोलताना हे न ठरवताही घडतं, म्हणून आधी घरी सराव हवा.

2. जागा, परवानगी, साहित्य

यात फार वेळ घालवू नका. सोसायटीचं ऑफिस हवं असेल तर सेक्रेटरींना साधं पत्र द्या: बैठकीचे वार, वेळ, अंदाजे माणसं, आणि "राजकीय वा धार्मिक कार्यक्रम नाही" हे वाक्य. ते वाक्य नसल्यामुळे आमची परवानगी दोन महिने लटकली होती. नवी मुंबईत नोडानोडांत ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे विचारा. वाचनालयाची खोली मिळाली तर उत्तमच.

लागणारं साहित्य असं:

- एक लॅपटॉप, आणि तो टीव्हीला जोडायला एचडीएमआय केबल
- टेबलाच्या मध्ये ठेवायचा, चारही बाजूंचं ऐकणारा माइक-स्पीकर. पैसे घालायचेच तर इथे घाला.
- दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमचे मोबाइल, हॉटस्पॉटसाठी
- शब्दांची वही (तिच्याबद्दल पुढे)
- पाहुण्यांच्या नावांच्या आणि गावांच्या मोठ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या, टीव्हीखाली चिकटवायला

सापळा: छताचा पंखा. आपल्याला तो ऐकू येत नाही, माइकला येतो. मे महिन्यात पंखा बंद केला तर माणसं उठून जातात, म्हणून माइक पंख्याच्या थेट खाली ठेवू नका आणि पंखा दोनवर ठेवा. गणपतीच्या दिवसांत बैठक ठेवूच नका. आमच्या एका बैठकीत स्वातंत्र्याच्या संकल्पनेपेक्षा ढोल जास्त पोचले.

कॉलचं गणितही आधी करा. झूमच्या मोफत खात्यावर गटाची बैठक 40 मिनिटांत तुटते. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर 60 मिनिटांत. आम्ही पैसे भरले नाहीत. साठ-साठ मिनिटांचे दोन भाग केले आणि मध्ये दहा मिनिटं चहा. मधल्या सुट्टीत लोक खरं बोलतात, म्हणून आता पैसे आले तरी आम्ही ती काढणार नाही.

3. बाहेरचे कोण?

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी मार्ग म्हणजे आपले न्यू जर्सीचे भाचे आणि सिंगापूरची पुतणी. ते प्रेमाने येतील. पण तो जागतिक संवाद नव्हे, तो ऑनलाइन गणेशोत्सव.

दुसरा सोपा मार्ग मोठ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना पत्रं पाठवण्याचा. उत्तर येत नाही, आणि आलं तर ते व्याख्यान देतात. आम्हाला उपयोग झाला तो शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांचा. फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान हा विषय असतो आणि त्याची लेखी परीक्षा होते. ब्राझीलमध्ये 2008 च्या कायद्याने तो माध्यमिक शिक्षणात आणला होता. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलांना हे साध्या भाषेत समजावण्याची सवय असलेली माणसं जगात भरपूर आहेत. त्यांना तुमच्यात रस असतो, कारण त्यांनाही वर्गात सांगायला नवी उदाहरणं हवी असतात.

तीन देशांतली चार-पाच माणसं पुरेत, पण तीच माणसं सहा महिने यायला हवीत. पत्रात आपण कोण आहोत ते दोन ओळींत लिहा आणि लगेच एक खरा प्रश्न विचारा. "आम्हाला तुमच्याकडून शिकायचं आहे" असं लिहू नका, समोरचा गुरू होऊन बसतो. "आमच्या प्राचीन ज्ञानाची ओळख करून देऊ" हे तर नकोच नको.

4. वेळ

भारतात शनिवारी संध्याकाळी 7:30 ही वेळ आम्हाला जमली. तेव्हा नैरोबीत संध्याकाळचे 5, लागोसमध्ये दुपारचे 3 आणि साओ पावलोत सकाळचे 11 वाजलेले असतात. टोकियोत मात्र रात्रीचे 11. जपानी माणूस हवा असेल तर दर तिसरी बैठक रविवारी सकाळी घ्या. गैरसोय वाटून घेतली पाहिजे, ती कायम एकाच्याच माथी नको.

सापळा: घड्याळं सरकतात. आपल्याकडे नाही, म्हणून आपल्या लक्षात राहत नाही. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. आपले 7:30 म्हणजे लंडनला हिवाळ्यात दुपारचे 2, उन्हाळ्यात 3. एप्रिलच्या बैठकीला आमचे लंडनचे गृहस्थ सवयीने 2 वाजता आले, रिकाम्या पडद्यासमोर बसले आणि निघून गेले. आम्ही 7:30 ला त्यांची वाट बघत बसलो. त्यांनी नंतर फार सभ्य मेल पाठवली, म्हणून जास्त वाईट वाटलं. आता निमंत्रणात आम्ही यूटीसीची (कधीच न सरकणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेची) वेळ आधी लिहितो, 14:00, आणि खाली प्रत्येकाची स्थानिक वेळ.

5. भाषा: इथे घाई करू नका

पहिल्या बैठकीत अकरातले आम्ही तिघंच बोललो, कारण तिघांचंच इंग्रजी बरं होतं. बाकीच्यांना विचार नव्हते असं नाही. मराठीत बोलताना बाकीच्यांना खाऊन टाकणाऱ्या आमच्या एक शिक्षिका त्या दिवशी फक्त "व्हेरी नाइस" म्हणाल्या. हे पाहिल्यावर ठरवलं की ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलायचं. साओ पावलोच्या मुलानेही पोर्तुगीजमध्ये.

कसं करायचं? बैठकीच्या दहा दिवस आधी प्रत्येक बाजूने दोन पानांचं टिपण पाठवायचं, मूळ भाषेत, आणि सोबत इंग्रजी भाषांतर. भाषांतर यंत्राकडून करून घेतलं तरी चालेल, पण लिहिणाऱ्याने ते वाचून जिथे बिघडलं तिथे खूण करायची. त्या खुणाच बैठकीचा विषय होतात. बैठकीत एक जण दुभाषा. त्याने त्या दिवशी स्वतःचं मत मांडायचं नाही, आणि हे काम पाळीपाळीने घ्यायचं. बोलणाऱ्याने तीन वाक्यांनंतर थांबायचं. याचा एक फायदा असा की कुणालाच सतरा मिनिटं बोलता येत नाही.

वेग निम्मा होतो, हे खरं. पण घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेडू (1931–2022) यांनी सुचवलेली एक कसोटी आम्हाला याच संथपणामुळे वापरता आली. परक्या भाषेत शिकलेला प्रश्न आपल्या मातृभाषेत मांडून बघा, असं ते सांगत. तिथे तो प्रश्नच उरला नाही, तर तो सगळ्या माणसांचा नसून त्या एका भाषेचा असू शकतो. त्यांचं उदाहरण सत्याचं होतं. इंग्रजीत 'ट्रू' आणि 'फॅक्ट' वेगळे शब्द आहेत, त्यामुळे "विधान ट्रू असतं, कारण ते फॅक्टशी जुळतं" हे वाक्य काहीतरी सांगितल्यासारखं वाटतं. त्यांच्या आकान भाषेत दोन्हीसाठी एकच बोलणं आहे, 'जे तसं आहे ते'. मग ते वाक्य स्वतःभोवतीच फिरतं.

आम्ही हे मराठीत करून पाहिलं. "खरं काय ते सांग" म्हणजे फॅक्ट. "तू म्हणतोस ते खरं आहे" म्हणजे ट्रू. "खरं सोनं" म्हणजे अस्सल. तिन्हीला एकच शब्द. 'वस्तुस्थिती' शब्द आहे, पण तो बातम्यांत आणि चौकशी अहवालात, घरात कोण म्हणतं? म्हणजे विरेडूंचा मुद्दा स्वयंपाकघरातल्या मराठीलाही लागू पडतो, छापील मराठीला कमी. घरातली मराठी आणि छापील मराठी अशा दोन भाषांत आपण विचार करतो, ही गोष्ट त्या दिवशी आम्हाला आमच्याबद्दल कळली. त्यासाठी घानातला माणूस लागला.

यासाठी शब्दांची वही ठेवा. एका पानावर एक शब्द: धर्म, मन, जाणीव, अनुभव, मोकळीक. खाली प्रत्येक पाहुण्याच्या भाषेतला जवळचा शब्द आणि तो कुठे कमी पडतो ते. संदर्भाला मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखालचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश जुन्या वाचनालयांत शोधा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं आहे, अशा ठिकाणी संदर्भ विभागात विचारायला लाजू नका. इंग्रजीसाठी स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश, तोही मोफत.

6. विषय: पंथ नको, प्रश्न हवा

"वेदान्त आणि आफ्रिकी विचार" असा विषय ठेवलात तर दोन प्रदर्शनं समोरासमोर लागतील. प्रश्न ठेवा. याचा नमुना आपल्याच प्रांतात आहे. 1983 साली पुण्यात मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण या तत्त्वज्ञांनी परंपरेतले पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले अभ्यासक यांना समोरासमोर बसवलं. पंडितांना "तुमचं शास्त्र सांगा" असं म्हटलं नाही. बर्ट्रंड रसेलचा विधानाबद्दलचा विचार रेग्यांनी संस्कृतात मांडून त्यांच्यापुढे ठेवला, आणि न्यायदर्शनाच्या बाजूने याला तुमचं उत्तर काय, असं विचारलं. प्रश्न परका, भाषा पंडितांची. हाच सगळा मासला.

आमचा दुसरा प्रयत्न याच धर्तीवर झाला. नैरोबीच्या बाईंना आम्ही लिहिलं की तुमचा 'माणूस' वाला प्रश्न आम्ही वाया घालवला, पुन्हा विचारा. त्यांनी सोबत एक म्हणणं पाठवलं. नायजेरियाचे तत्त्वज्ञ इफेआनी मेंकिटी यांनी 1984 च्या एका निबंधात मांडलं होतं की माणूसपण जन्मासोबत आयतं येत नाही. ते समाजात राहून, वाढत वाढत कमवावं लागतं, आणि कमवण्यात माणूस कमीही पडू शकतो.

आमच्याकडून "हे आमच्याकडे आधीपासून आहे" म्हणायला कुणीतरी तोंड उघडलंच होतं. त्याला थांबवून आमच्या शिक्षिका बाईंनी फक्त मराठी वाक्यं वाचून दाखवली. "शिकून माणूस झाला." "दारू सोडली आणि माणसात आला." "त्या प्रकरणानंतर तो माणसातून उठला." टीव्हीवर नैरोबीच्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणजे तुमच्याकडे माणसातून उठताही येतं?

मग केमिस्ट बोलले. ते एरवी फार बोलत नाहीत. त्यांच्या आजोबांचं गाव कोकणातलं. ते म्हणाले, "माणसातून उठतो तो कधी स्वतः उठतो, कधी त्याला उठवतात. वाळीत टाकतात." गाव जर माणूसपण देणार असेल, तर काढून घ्यायचा हक्कही गावाला मिळतो. महाडला 1927 साली तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, तो आधी माणूस मानलं जात नव्हतं म्हणूनच ना? आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 चा कायदा करावा लागला, म्हणजे ही जुनी गोष्ट नाही. मेंकिटींकडे याला उत्तर आहे का?

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बाईंनी सांगितलं की घानाचे क्वामे ग्येके यांनी जवळपास याच जागी मेंकिटींशी भांडण मांडलं होतं: समाज महत्त्वाचा, पण माणूस त्याच्याआधीही माणूसच असतो. साओ पावलोचा मुलगा गुलामगिरीबद्दल बोलू लागला. कॉल तुटला, आम्ही पुन्हा जोडला, पुन्हा तुटला, पुन्हा जोडला. रात्रीचे अकरा वाजले तेव्हा सेक्रेटरी स्वतः चावी घ्यायला आले आणि दारात वीस मिनिटं ऐकत उभे राहिले.

केमिस्टांनी स्वतःची अडचण मांडली, परंपरेची फुशारकी नाही. विषय निवडताना एवढंच तपासा: या प्रश्नात आपल्याला कुठे खुपतं? काहीच खुपत नसेल तर दुसरा प्रश्न घ्या.

7. बैठक चालवताना

- सुरुवातीला प्रत्येकाने दुसऱ्याचं टिपण स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मूळ लेखक "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याच्यापेक्षाही चांगला मांडायची आपली जुनी रीत आहे, ती इथे वापरा.
- "आमच्याकडे हे आधीच होतं" या वाक्याला चहाच्या डब्यात दहा रुपये दंड. आमचा डबा पहिल्या तिमाहीत छान भरला.
- उलट्या बाजूचा सापळाही ओळखा. लंडनचे गृहस्थ सुरुवातीला दर वेळी आमच्याकडे 'पूर्वेकडचं शहाणपण' मागायचे. एकदा त्यांना सरळ विचारलं, तुमच्या आईने खोटं बोलण्याबद्दल तुम्हाला काय शिकवलं होतं? तेव्हापासून ते माणसासारखे बोलतात.
- शांतता भरून काढू नका. भाषांतर पोचायला आणि पचायला वेळ लागतो.

8. पैसे आणि नोंदणी

घरगुती मंडळाला नोंदणी लागत नाही. बँक खातं, जाहीर वर्गणी असं काही करायचं झालं तर संस्था नोंदणी कायदा 1860 खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालीही नोंदणी करावी लागते. त्यासाठी नियमावली, सभासदांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे, जागामालकाचं ना-हरकत पत्र अशी कागदपत्रं गोळा करावी लागतात. पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नका.

एक मात्र कटाक्षाने पाळा. परदेशातला पाहुणा प्रेमाने "झूमचे पैसे मी देतो" म्हणाला तरी मंडळासाठी त्याच्याकडून पैसे घेऊ नका. परदेशी देणगीला 2010 च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्याला सांगा, ठाण्याला आलात की चहा पाजा.

9. नोंद

रेकॉर्डिंग करायचं तर आधी सगळ्यांना विचारा आणि एकानेही नाही म्हटलं तर करू नका. केमिस्ट त्या रात्री बोलले, कारण लाल दिवा चालू नव्हता. त्याऐवजी तीन दिवसांत दोन पानांचा वृत्तान्त पाठवा. ज्याचं वाक्य त्यात आहे त्याने ते दुरुस्त करायचं, आणि शेवटी पुढच्या बैठकीची यूटीसी वेळ.

शब्दांच्या वहीचे दर महिन्याला फोटो काढून ठेवा. आमची पहिली वही ठाणे स्लो लोकलमध्ये रॅकवर राहिली. 'माणूस' चं पान त्यातच होतं. नैरोबीहून ते पुन्हा मागवावं लागलं, आणि बाईंनी या वेळी स्वाहिली 'म्टू' खाली तीन ओळी वाढवून पाठवल्या.